ज्वारीच्या पानावरचे डाग

हुरड्याच्या दिवसांत लोकांना भूक लागते, मला राग येतो. मार्गशीर्ष लागला, सकाळी गाडीच्या काचेवर दव दिसायला लागलं आणि सोलापुरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर हुरडा पार्टीचे फलक लागले, की माझ्या कपाळाची शीर तटतटते. नवरा म्हणतो, तुला थंडी बाधते. मी म्हणते, थंडी नाही, ज्वारी. तो हसतो, कारण मी कोणत्या ज्वारीबद्दल बोलते ते त्याला ठाऊक आहे. ती त्याच्याच बहिणीची होती.

मी इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. बुरशीच्या रोगांचा धडा नेमका याच दिवसांत येतो. पुस्तकात तो सगळा लढाईच्या भाषेत लिहिलेला आहे. हल्ला, संरक्षण, शस्त्रं, माघार. मुलं ते पाठ करतात आणि पेपरात उतरवून मोकळी होतात. मला ती भाषा कधीच पटली नाही. लढाईत समोर शत्रू उभा आहे हे निदान दोन्ही बाजूंना माहीत असतं. बुरशीचा कारभार इतका उघड नसतो, आणि मुलांना ते सांगताना माझा आवाज नकळत चढतो.

बुरशी झाडाला शिवते तेव्हा झाडाला ते कळतं. बुरशीच्या अंगात कायटिन नावाचं द्रव्य असतं. झाडात ते नसतं, त्यामुळे त्याचा एखादा कण जरी लागला तरी झाडाची पेशी ओळखते की हे परकं आहे, आणि बोंब ठोकते. मग बुरशी मारामारी करत बसत नाही. ती बारीक बारीक प्रथिनं सोडते. एक प्रथिन कायटिनचे ते कणच धरून ठेवतं, म्हणजे झाडाला परक्याचा सुगावा लागू नये. दुसरं, पेशीने चवताळून जी जहाल रसायनं पेटवायची ती पेटूच देत नाही. तिसरं तर पेशीच्या आत शिरतं आणि धोक्याचा इशारा ज्या मालापासून तयार व्हायचा, तो माल भलत्याच कामाला लावतं. आणखी काही प्रथिनं झाडाची साखर हळूहळू बुरशीकडे वळवतात. एवढं सगळं होऊन झाड वरून हिरवंगार. पाणी देणारा माणूस बांधावर उभा राहून म्हणतो, काय झकास आलंय यंदा.

पुस्तकात या प्रथिनांना 'प्रभावक' असा शब्द आहे. तो वाचून कुणावर कसलाही प्रभाव पडत नाही. गेल्या आठवड्यात शहराच्या पूर्व भागातल्या एका मुलीने, जिच्या घरी माग चालतो आणि तेलुगू बोलतात, हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, म्हणजे झाडाला भूल देतात का?" दवाखान्यात देतात ती भूल. मी म्हटलं, हाच शब्द लिही, मी मार्क देते. तिचं समाधान झालं नव्हतं. जिला भूल चढतच नाही अशी झाडं नसतात का, हा तिचा पुढचा प्रश्न होता.

असतात. काही झाडांच्या पेशीत असे पहारेकरी असतात की ते बुरशीला ओळखत बसत नाहीत, तिने सोडलेलं प्रथिनच ओळखतात. कावा ओळखला की पेशी स्वतःला मारून घेते, आणि आजूबाजूला पसरू पाहणारी बुरशी तिच्याबरोबर अडकून पडते. ज्वारीचा तर थाटच निराळा. तिच्या पेशीत तांबूस दाणे तयार होतात, बुरशी जिथून घुसते आहे तिकडे सरकत जातात आणि तिथे फुटतात. त्यात बुरशीही मरते आणि ती पेशीही. आपल्याला बाहेरून काय दिसतं, तर पानावर एक तांबडा ठिपका. गावात त्याला रोग म्हणतात, आणि कडबा घ्यायला आलेला माणूस असं पान बघून नाक मुरडतो.

वर्गात मी एवढ्यावरच थांबते. शालनवन्संचं नाव काढत नाही.

शालनवन्सं म्हणजे माझी नणंद. काही वर्षांपूर्वी गौरी-गणपतीला त्या वेळापूरकडच्या सासरहून माहेरी आल्या त्या परत गेल्याच नाहीत. माहेर म्हणजे करकंबजवळचं आमचं शेत आणि शेतातलंच घर. सासू-सासरे आता नाहीत. थोरले दीर, दत्ताभाऊजी, तिथे राहून सगळं बघतात. आम्ही दोघं सोलापुरात नोकरीला, रविवारी जाणार, भाकरी खाणार, वांगी घेऊन परत येणार. चहूकडे ऊस. फक्त ओढ्यापलीकडे काळ्या रानाचा एक तुकडा होता, तिथवर पाणी पोचत नसे म्हणून ज्वारीला ठेवलेला. त्या वर्षी भाऊजींनी तिथपर्यंत पाइप टाकला होता आणि उसाची लागण करायचं मनात धरलं होतं. शालनवन्संनी तो तुकडा मागितला. कायद्याने त्यात त्यांचा वाटा होताच, पण आमच्या घरात कायद्याचं नाव काढलं की सगळ्यांना एकदम खोकला येतो. भाऊजी म्हणाले, एक सुगी बघू. ज्वारी नीट आली तर पुढंही कर. नाही आली तर तिथं ऊस लागेल आणि तू आपल्या घरी जायचं. बहिणीवर त्यांची माया होती, यात शंका नाही. पण घरी परत आलेली बहीण ही बांधावरच्या बाभळीसारखी, आज ना उद्या काढायचीच, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

गावाचं म्हणणं सरळ होतं. शालनने घराण्याला डाग लावला. मला हा शब्द तेव्हापासून चावतो. कपड्यावर पडतो तो डाग, घराण्याला लागतो तो डाग, आणि बाईच्या अंगावरचं सोनं, तेही डागच. लंगडणाऱ्या बैलाला तापल्या लोखंडाने देतात तोही डाग. एकाच शब्दात कलंक, दागिना आणि औषध कोंबून आपली भाषा मोकळी झाली आहे. शालनवन्सं अंगावरचे सगळे डाग सासरी काढून ठेवून आल्या, आणि इकडे लोक म्हणाले, पोर डाग घेऊन आली. मी त्यांना हे ऐकवलं तेव्हा त्या स्वतः मात्र खो खो हसल्या होत्या. कितीतरी महिन्यांनी त्यांना हसताना पाहिलं.

पेरणी त्यांनीच केली. बियाणं घरचं होतं, मागच्या मळणीतलं, पोत्यात भरून ठेवलेलं. पावसाने घाई केली, पेरणीजोगा वाफसा निघून चालला होता, आणि पेरण्याआधी बियाण्याला गंधक चोळायचं त्या गडबडीत राहून गेलं. ज्वारी उगवली, गुडघ्याला लागली, कमरेला लागली. कार्तिकातल्या एका रविवारी आम्ही गेलो तेव्हा ती पोटरीत आलेली, म्हणजे कणीस आतल्या आत भरलेलं पण अजून बाहेर न पडलेलं. त्याच आठवड्यात आभाळ आलं, धुकं पडलं आणि जवळजवळ सगळ्या रानातली पानं तांबड्या ठिपक्यांनी भरून गेली.

भाऊजींनी निकाल लावून टाकला. रोग पडलाय. श्रीपूरच्या कारखान्याला ऊस घालणारी तोडकरी माणसं जवळच उतरली होती, त्यांच्या बैलांना ओल्या वैरणीची गरज होती. ज्वारी कापून त्यांना घालायची, रान मोकळं करायचं. ओढ्याच्या कडेच्या काही ओळी तेवढ्या निर्मळ होत्या. उंच, हिरवी, तकतकीत ताटं, पानावर टाचणीएवढा ठिपका नाही. आल्या-गेल्या पाहुण्याला भाऊजी तिथेच नेऊन उभं करायचे. ज्वारी असावी तर अशी, हूं नाही की चूं नाही. त्यातल्या निवडक ताटांना त्यांनी बियाण्यासाठी म्हणून लाल चिंध्या बांधून ठेवल्या होत्या. पान स्वच्छ ते ताट निरोगी, ते बियाण्याला धरायचं, असंच आमच्याकडे सगळे धरतात.

मी भिंग घेऊन रानात शिरले. ठिपके बारीक होते, कोरडे होते, आणि महत्त्वाचं म्हणजे पसरत नव्हते. एकेका ठिपक्याला जणू कुंपण पडलं होतं. खरं सांगायचं तर मला छातीठोक काहीच सांगता येत नव्हतं. भिंगातून प्रथिनं दिसत नसतात. पुढच्या धुक्यात हेच ठिपके एकमेकांना मिळाले असते आणि पान जळून गेलं असतं, असंही होऊ शकत होतं. पण भाऊजींच्या हातात विळा बघितला आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, कापू नका. हे झाड आजारी नाही, भांडतंय. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, झाड भांडत असतंय व्हय कुटं?" मी म्हटलं, भांडतं. तुमची ती चिंध्यांची ताटं आहेत ना, गप्प गप्प, मला त्यांचीच जास्त शंका येते. हे मी अर्धं चिडून बोलले होते आणि अर्धं पुस्तकावर विश्वासून.

भाऊजी हसत पुढे निघाले तेव्हा शालनवन्सं मध्ये उभ्या राहिल्या. आवाज मोठा नव्हता. "दादा, निसवूस्तवर हात लावायचा न्हाय," एवढंच म्हणाल्या. निसवूस्तवर, म्हणजे कणीस पोटरीतून बाहेर पडेपर्यंत. मोठ्या भावाच्या वाटेत त्या याआधी कधी उभ्या राहिल्या असतील असं वाटत नाही, कारण भाऊजींचा विळाच खाली आला. मग म्हणाले, बरं, निसवू दे.

ज्वारी निसवेपर्यंतचे ते दिवस मला अजून अंगावर येतात. सुट्टी काढून मी चार दिवस तिथेच राहिले. सकाळी रानात गेलं की साडीचा घोळ दवाने भिजायचा, पानांच्या कडा हाताला चरचरीत लागायच्या. रोज मी एकाच ताटाची पानं उलटून बघायची, ठिपके वाढले का. मनातल्या मनात त्या झाडाला शिव्या द्यायची आणि त्याला धीरही द्यायची. जाऊबाई, म्हणजे भाऊजींची बायको, म्हणायच्या, या बाईला ज्वारी लागलीय. ओढ्यापलीकडून उसाच्या बैलगाड्यांचे आवाज यायचे, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, त्या वैरण न्यायलाच आल्या.

रानाच्या मधोमध राखणीचा माळा होता. कणसं नव्हती तोवर राखायला काही नव्हतं, पण शालनवन्सं दुपारी तिथे जाऊन बसायच्या, मीही चढायचे. तिथेच त्यांनी सासरचं सांगितलं. मारलं कुणी नाही, हे त्या सर्वांत आधी सांगून टाकायच्या, कारण प्रत्येक जण तेच विचारायचा. जेवायला घालत होते, सणाला साडी घेत होते. आधी शेजारणीशी बोलणं बंद झालं, तिच्याशी काय बोलायचंय तुला, असं प्रेमानेच सांगून. मग घरात दोन-दोन फोन कशाला म्हणून फोन गेला. शिलाई मशीन जावेच्या खोलीत गेलं, तुला कशाला ताण म्हणून. कधी काही बोलायला गेलं तर नवरा म्हणायचा, तुझा आवाज चढला की आईला बरं वाटत नाही. मग त्यांच्या त्याच स्वतःला समजावायला लागल्या, की सगळं चांगलं चाललंय. गौरीला माहेरी आल्या तेव्हा माझ्या जाऊबाईंनी सहज विचारलं, कोणती भाजी करू तुमच्या आवडीची?

"वैनी, मला आठवंना की," शालनवन्सं म्हणाल्या. "चुलीम्होरं हुबी ऱ्हायले, पण मला काय आवडतंय तेच आठवंना. तवा ठरीवलं, आता न्हाय जायचं."

बाईला झाडाची, वेलीची, फुलाची उपमा द्यायची मला मनस्वी चीड आहे. लग्नपत्रिकांतून, निरोप समारंभातून ती इतकी ऐकलीय की पुरे. शिवाय ती खोटीही आहे. झाडाला उठून जाता येत नाही. त्याला जिथे उगवलं तिथेच भांडावं लागतं, म्हणून बिचारं आपल्याच पेशी जाळतं. बाईला उठून जाता येतं, शालनवन्सं आल्या होत्या. तरी त्या माळ्यावर बसून मला झाडच आठवत होतं, त्याला मी काय करू? आधी ओळख बुजवायची, मग इशारा थांबवायचा, मग जे काही गोड तयार होतं ते आपल्याकडे वळवायचं, आणि बाहेरून सगळं हिरवं ठेवायचं. लोक विचारतात, मारत होते का? त्या प्रश्नाने माझा संताप होतो. मारलं असतं तर कळलं तरी असतं.

मलाही लोक शहाणपण शिकवतातच. मीटिंगमध्ये बोलले की वरिष्ठ म्हणतात, मॅडम, जरा मवाळ घ्या. लहानपणी माझा चेहरा रागाने पटकन लाल व्हायचा, तेव्हा आई म्हणायची, असं दिसलेलं चांगलं नाही. चांगलं दिसण्याचं हे वेड कुठून आलं असेल? स्वच्छ पान, स्वच्छ चेहरा, स्वच्छ घराणं. लाल झालेलं काही दिसलं की आपल्याला आधी त्याचाच दोष दिसतो, त्याला लाल कुणी केलं हे विचारायला कुणी थांबत नाही. मी थांबायचं ठरवलं आहे, आणि त्यासाठी भांडकुदळ म्हणवून घ्यायची माझी तयारी आहे.

ज्वारी निसवली. मी सोलापुरात होते, नवऱ्याच्या फोनवर शालनवन्संचा फोन आला, या म्हणाल्या. गेलो तेव्हा दाणे भरत आले होते. ठिपक्यांचं रान भरून आलेलं. खालची काही पानं वाळली होती, पण वर कणसं टपोरी, वाऱ्याला जड. मी तिथेच बांधावर बसले. ओढ्याकडेच्या निर्मळ ओळीतही कणसं आली होती, लांबून तीही भरल्यासारखी दिसत होती. भाऊजी चिंधी बांधलेल्या एका ताटापाशी गेले, मला दाखवण्यासाठी कणीस ओढून खाली घेतलं आणि त्यांचा हात तसाच राहिला. दाणे करडे होते, जरा जास्तच लांबट. त्यांनी एक दाणा चिमटीत दाबला. वरचं पातळ कातडं फुटलं आणि बोटांवर काळी पूड आली.

काणी. दुसरं ताट, तेही काणीचं. चिंध्या बांधलेल्या निम्म्या ताटांची तीच गत. भाऊजी बोटं धोतराला पुसत राहिले, पूड जाईना. काणीची बुरशी बियाण्याबरोबर रानात येते, कोंबाबरोबर आत शिरते आणि सगळा हंगाम झाडाच्या पोटात मुकाट वाढते. तिची प्रथिनं झाडाला इतकं शांत ठेवतात की झाडाला पत्ताच लागत नाही. कणीस धरलं की दाण्याच्या जागी ती स्वतः बसते. मी हे सगळं सांगितलं, पण जिंकल्याच्या तोऱ्यात सांगता आलं नाही, आणि सांगायला नकोही होतं. ठिपके पाडणारी बुरशी वेगळी, काणीची वेगळी. ठिपक्यांच्या रानातही एक-दोन कणसं काणीची निघालीच. माझ्या रागाने काही सिद्ध केलं नव्हतं. सिद्ध एवढंच झालं होतं, की निर्मळ दिसणं हा कशाचाच पुरावा नाही, आणि वैरण म्हणून कापायला निघालेल्या रानात वर्षाची ज्वारी उभी आहे.

काणीचं काम शालनवन्संनी कुणाला करू दिलं नाही. कणसावर कापडी पिशवी चढवायची, हलक्या हाताने देठ कापायचा, पिशवीचं तोंड आवळायचं. धक्का लागून ती कातडी फुटली तर पूड वाऱ्याने रानभर होते आणि पुढच्या बियाण्याला चिकटते. सकाळभर त्या ओळीमागून ओळ फिरत होत्या. भाऊजी पिशव्या धरत मागे मागे चालले होते. रानाच्या टोकाला खड्डा करून शालनवन्संनी सगळ्या पिशव्या त्यात टाकल्या आणि पेटवल्या. धूर पुरता थांबेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

त्याच दुपारी शालनवन्संच्या सासरची माणसं आली. नवरा नव्हता, त्याचे चुलते होते आणि बरोबर गावातले दोघं. हुरड्याचे दिवस, आलेल्याला तसं पाठवत नाहीत. भाऊजींनी बांधाजवळ आगटी पेटवली, चांगली कणसं भाजायला घातली, जाऊबाईंनी शेंगाचटणी आणि गूळ आणून ठेवला. पाहुणे बोलायला गोड होते. कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत. चुलत सासरे हुरडा तोंडात टाकत शालनवन्संना म्हणाले, "पोरी, घर म्हनल्यावर हुतंयच. लोकांस्नी अजून काय कळल्यालं न्हाय. झाकून घिऊ."

शालनवन्सं समोर बसून तळहातावर कणीस चोळत होत्या. कितीही धुतलं तरी बोटांच्या पेरांत काजळी राहिली होती. त्यांनी दाण्यांवरचा कोंडा फुंकला, मूठ त्यांच्या पुढ्यातल्या पानावर रिकामी केली आणि पदर सावरत म्हणाल्या, "मामंजी, झाकल्यालं समदं म्या आत्ताच जाळून आले."

म्हाताऱ्याला अर्थ लागला की नाही, कळलं नाही. त्याने हात झटकले आणि भाऊजींकडे वळला. दत्तोबा, तुम्ही थोरले आहात, तुमचं ती ऐकेल, दोन शब्द सांगा तिला, म्हणाला. मी भाऊजींकडे बघितलंच नाही. आगटीतल्या गोवरीकडे बघत राहिले. एक सुगी बघू म्हणालेला तो माणूस आता काय बोलेल, याचा भरवसा नव्हता.

भाऊजींनी चिमट्याने कणीस उलटलं. मान वर केली नाही.

"मला काय इचारताय, पावणं? रान तिचं हाय. तोंडबी तिचंच हाय."